गरम पावलांचा अर्थ



मधुमेहावर बोलायला उभे राहिल्यावर आधी विंचवाचे नाव घेतले तर इतरत्र कुणी चमकेल, महाडात चमकू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, त्यातही लहान मुले, डोळ्यांदेखत जात होती. विष उतरवणारे मांत्रिक होते, मंतरलेले दोरे होते. पाठ्यपुस्तकांचा आधार मात्र तोकडा होता. बावस्करांनी खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. आधी उलटी, दरदरून घाम, सुटलेली लाळ, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा. मग हातपाय गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला. शेवटी फुप्फुसांत पाणी. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला आणि प्राझोसिन या औषधाचा अनुभव १९८६ साली त्याच नियतकालिकात. त्यापूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते, ते प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे हे सगळे विंचवाच्या उपचाराचा इतिहास म्हणून सांगितले जाते. मला त्यात रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंचा इतिहास दिसतो, आणि तिथूनच मला मधुमेहाकडे जायचे आहे.

विष करते काय? मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा ते वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे सिम्पथेटिक मज्जातंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा धावपळीचा भाग, एकसारखे चेतत राहतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेटोळे असते. त्यावरच्या अल्फा ग्राहकांना हे रसायन भिडले की वेटोळे आवळते. साऱ्या अंगातली वेटोळी एकदम आवळली की कातडी गार पडते आणि मिटत चाललेल्या वाटांवर रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. प्राझोसिन हे ग्राहक अडवते, वाहिन्या सैल होतात, आणि गार पडलेले हातपाय पुन्हा गरम झाले की डॉक्टर ओळखतात, रुग्ण सावरतोय. याच लोंढ्यामुळे स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणे दबते आणि रक्तातली साखर चढते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून याच बाजूवर बोट ठेवले आणि दंशावर इन्शुलिन देण्याचा आग्रह धरला. उपचारात प्राझोसिन सरस ठरले. पण साखर आणि वाहिन्यांचे मज्जातंतू एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे त्या वादातून पुढे आले.

खरे तर ते नाते त्याहून जुने आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी पॅरिसमध्ये १८४९ साली सशाच्या मेंदूच्या तळाशी एका नेमक्या जागी सुई टोचली आणि सशाच्या लघवीत साखर उतरली. दोनच वर्षांनी त्यांनी सशाच्या मानेतला सिम्पथेटिक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. १८५२ साली दुसरे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कापलेल्या टोकाला वीज लावून तोच कान पुन्हा फिका पाडून दाखवला. मज्जातंतू तुटला की वाहिनी सैल आणि अवयव गरम. मज्जातंतू चेतला की वाहिनी आवळलेली आणि अवयव गार. विंचू करतो तो ब्राउन-सेकारांचा प्रयोग. मधुमेह करतो तो बर्नार यांचा, फक्त एका क्षणात कापण्याऐवजी दहा-पंधरा वर्षे कुरतडून. आणि इथेच आपल्या परीक्षेचा निकष उलटतो: दंशाच्या रुग्णाचा गरम पाय ही सुवार्ता असते, जुन्या मधुमेह्याचा गरम, कोरडा, न दुखणारा पाय ही बहुतेक वेळा वाईट बातमी असते. वाहिन्यांच्या मज्जातंतूंची ही झीज मधुमेहाच्या तपासणीत मोजलीच पाहिजे, साखरेच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने, असे माझे म्हणणे आहे. त्याला काय आधार आहे आणि त्यावर काय आक्षेप येतात, ते आता पाहू.

वाहिन्यांच्या भिंतीत संपणारे सिम्पथेटिक धागे शरीरातल्या सर्वांत बारीक मज्जातंतूंपैकी आहेत. त्यांच्यावर मायलिनचे आवरण नसते. कमरेजवळच्या गाठीतून निघालेला धागा तळपायापर्यंत पोचायचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीला जवळपास मीटरभर लांबीचा तंतू पोसायचा. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्शुलिन लागते, मज्जातंतूला ते लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्याच्या आतही ती वाढतेच. ही जास्तीची साखर आल्डोज रिडक्टेज या विकराच्या वाटेने सॉर्बिटॉल बनते, आणि त्या खटाटोपात पेशीची संरक्षक रसायने खर्ची पडतात. काही साखर प्रथिनांना चिकटून बसते आणि त्यांचे काम बिघडवते. मायटोकॉन्ड्रियांतून घातक ऑक्सिजन-रेणू सुटू लागतात. अमेरिकेतले मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली हे सगळे फाटे मायटोकॉन्ड्रियातल्या एकाच बिघाडातून फुटतात असे मांडले. मांडणी देखणी होती. मज्जातंतूंच्या बाबतीत ती पूर्ण पुरी पडत नाही, कारण चरबीचे विकार आणि वाढलेले वजनही तिथे आपला वाटा उचलतात. तंतू जितका लांब तितकी त्याची टोके आधी मरतात, म्हणून झीज पायांपासून सुरू होते. शिवाय मज्जातंतूलाही रक्त लागते. त्याला पुरवठा करणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या मधुमेहात जाड आणि अरुंद होतात. ज्याने वाहिनी सांभाळायची तोच वाहिनीपायी उपाशी राहतो.

आता पाय. तळपायाच्या आणि बोटांच्या कातडीत धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या छोट्या वाटा असतात. अंगातली उष्णता धरायची की सोडायची, हे त्यांच्यावर ठरते, आणि त्या जवळजवळ पूर्णपणे सिम्पथेटिकच्या ताब्यात असतात. मज्जातंतू गेला की त्या सताड उघड्या राहतात. खाचराची मेर फुटली की पाणी भाताच्या मुळाशी न थांबता थेट वहाळाला लागते, तसे रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्याला वळसा घालून शिरेत उतरते. पायाच्या वरच्या बाजूच्या शिरा झोपलेल्या अवस्थेतही फुगलेल्या दिसतात. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील संशोधकांनी अशा शिरांतले रक्त तपासले, तर त्यात ऑक्सिजन नेहमीपेक्षा अधिक निघाला, म्हणजे तो वाटेत पुरता वापरलाच गेला नव्हता. त्यामुळे कातडी नेमकी किती उपाशी राहते याबद्दल संशोधकांत वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. घामाबद्दल मात्र वाद नाही. घामाच्या ग्रंथींचे तंतू याच कुळातले. ते गेले की पाय कोरडे पडतात, टाचांना भेगा जातात, आणि आषाढात लावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रत्येक भेग हे जंतूंसाठी उघडे दार असते. जुलै २०२१ मध्ये महाडात पूर आला तेव्हा घराघरांत गाळ, काच आणि पत्रे यांतून लोक अनवाणी फिरत होते. अशा वेळी ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याला खिळा रुतल्याचे कळत नाही. आणि ज्याचा पाय वर गरम, गुलाबी दिसतो त्याला घरचेही म्हणतात, रक्त चांगले आहे की, जखम भरेल. हाडांतही असा बेलगाम रक्तप्रवाह सुरू झाला की ती ठिसूळ होतात असे बरेच तज्ज्ञ मानतात. सुजलेला, तापलेला, न दुखणारा पाय मुरगळला समजून लेप लावत बसावे आणि दोन महिन्यांत त्याची कमान कोसळून तळवा होडीसारखा व्हावा, याला शार्कोचा पाय म्हणतात. एकच पाय गरम असेल तर तो मुरगळला आहे असे गृहीत धरू नये. त्यावर भार देणे त्याच दिवशी थांबवावे.

इथे जाणकार श्रोता म्हणेल, तुम्ही घोडा गाडीमागे बांधता आहात. मधुमेह आधी वाहिन्या बिघडवतो आणि उपाशी राहून मज्जातंतू मरतात. मज्जातंतू हा बळी आहे, त्याला आरोपी का करता? आक्षेप अर्धा बरोबर आहे, ते मी वर मान्य केलेच. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर एका जुन्या शस्त्रक्रियेने दिले आहे. पायातला रक्तप्रवाह वाढावा म्हणून पूर्वी कमरेजवळचा सिम्पथेटिक मुद्दाम कापत असत. म्युनिकच्या गोबेल आणि फ्यूस्ल यांनी १९८३ साली अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ वर्षांनी काढलेले एक्स-रे मांडले. कापलेल्या बाजूच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून त्या चुनखडीच्या नळ्या झाल्या होत्या. एकाच बाजूला शस्त्रक्रिया झालेल्यांत दुसऱ्या बाजूला हे फार कमी होते. आणि ते मधुमेह नसलेल्यांतही दिसले. म्हणजे साखरेचा हात न लागता, केवळ मज्जातंतू गेल्याने धमनी बिघडते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत नेमकी हीच मधल्या थराची चुनखडी सर्रास दिसते. तिचा व्यवहारातला परिणाम असा की पायातला अडथळा शोधण्यासाठी घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब ही जी परीक्षा करतात तीच फसवी होते. उत्तर ०.९ च्या खाली आले तर अडथळा समजायचा. पण कडक झालेली धमनी पट्ट्याने दाबलीच जात नाही, उत्तर १.४ च्याही वर जाते, आणि ‘उत्तम’ असा शेरा घेऊन रुग्ण घरी जातो.

पायांपाठोपाठ पाळी येते सगळ्या देहाच्या उभे राहण्याची. माणूस उठून उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. निरोगी सिम्पथेटिक काही क्षणांत तिथल्या वाहिन्या आवळतो आणि मेंदूचा पुरवठा टिकवतो. हे तंतू गेले तर दाब कोसळतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो आजार मानायचा, ही जगभरची रेषा आहे. प्राझोसिनची पहिली मात्रा दिलेल्या रुग्णाला एकदम उठू देत नाहीत हे महाडच्या कुठल्याही परिचारिकेला माहीत आहे. ते औषध काही तास जे करते, ते मधुमेह कायमचे करून ठेवतो. त्यात भर म्हणून वयस्क पुरुषाला प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन दिले जाते, जे प्राझोसिनच्याच घराण्यातले आहे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत घरोघरी म्हातारा-म्हातारी राहतात आणि मुले मुंबईत; पहाटे लघवीला उठलेल्या म्हाताऱ्याला घेरी येते, तो उंबऱ्यावर पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि कागदावर लिहिले जाते, ‘घसरून पडला’. घेरीला आपल्याकडे कारणांचा तुटवडा नाही: पित्त, उपास, ऊन, अशक्तपणा. मधुमेह्याला आणखी एक कारण शिकवलेले असते, साखर उतरली. म्हणून तो गूळ खातो, किंवा ताटभर भात जेवतो. जेवणानंतर पोटाच्या वाहिन्यांत रक्त धावते आणि ज्याचे मज्जातंतू गेले आहेत त्याचा दाब आणखी उतरतो. औषध म्हणून घेतलेल्या घासाने घेरी वाढते, साखर तर वाढतेच. याच माणसाचा आडवा असताना दाब बहुधा चढा असतो आणि झोपेत तो उतरायला हवा तितका उतरत नाही. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजला तर १५० भरतो, गोळी वाढते, आणि पहाटेचा उंबरठा अधिक निसरडा होतो.

एका गोष्टीबद्दल सभेत बोलताना आवाज खाली येतो, पण ती वगळणे चूक ठरेल. लिंगातल्या वाहिन्याही स्वायत्त मज्जातंतूंच्याच हुकमात आहेत. दंशाच्या पहिल्या तासांतल्या ताठरपणाची नोंद बावस्करांनी निःसंकोच केली, आणि तिच्यामुळे निदान लवकर होऊ लागले. मधुमेहात उलटी गोष्ट होते, ताठरता जाते, आणि ती रुग्ण सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही. चाळिशीतल्या पुरुषाची ही तक्रार पुष्कळदा वाहिन्यांच्या आणि हृदयाच्या आजाराची पहिली खबर असते. ती बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे आधी पोचते, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचे अपयश आहे.

आता सगळ्यात टोकदार आक्षेप. मेलेला मज्जातंतू जिवंत करणारे औषध नाही. मग मोजून करायचे काय, माणसाला आणखी एक भीती द्यायची? एडिंबराच्या ईविंग आणि क्लार्क यांच्या तुकडीने १९७० च्या दशकात स्वायत्त मज्जातंतूंच्या सोप्या परीक्षा बसवल्या आणि लक्षणे असलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. पाच वर्षांत सुमारे निम्मे दगावले. तो आकडा त्या काळातल्या, फार पुढे गेलेल्या रुग्णांचा होता, तो आज कुणाच्या तोंडावर फेकू नये. पण उपाय नाही हे म्हणणे खरे नाही. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ जणांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लहान वयातल्या, इन्शुलिनवर जगणाऱ्या मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतूंचा आजार ६० टक्क्यांनी घटला. आपल्याकडे बहुसंख्य असलेल्या दुसऱ्या प्रकारात केवळ साखर उतरवून इतका लाभ मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र डेन्मार्कच्या स्टेनो केंद्राने याच प्रकारच्या १६० रुग्णांत साखर, दाब, चरबी, तंबाखू, चालणे या सर्वांवर एकत्र सुमारे आठ वर्षे काम केले. २००३ साली आलेल्या निष्कर्षांत स्वायत्त मज्जातंतूंच्या आजाराची वाढ निम्म्याहूनही खाली आली होती. पायाच्या संवेदनेच्या आजारात तसा फरक पडला नव्हता. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो: वाहिन्या सांभाळणारे मज्जातंतू प्रयत्नांना अधिक दाद देतात. शिवाय शोधले तर कधी कधी दुरुस्त होणारे कारणही हाती लागते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतले की ब-१२ जीवनसत्त्व उतरते, आणि माळकरी घरातल्या शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. त्याच्या कमतरतेने मुंग्याही येतात आणि उभ्याने दाबही पडतो. ती भरून काढणे स्वस्त आहे.

काही डॉक्टर म्हणतील, पायाला नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना आम्ही पाहतोच. जरूर पाहावी, जखम कुणाला होणार हे त्यातून कळते. पण तो तंतू जाड मज्जातंतूंची परीक्षा घेतो, आणि मी बोलतो आहे ते बारीक. तंतू टेकल्याचे कळते म्हणून वाहिन्यांचे मज्जातंतू शाबूत, असा निष्कर्ष निघत नाही. उलट बाजूने असाही आक्षेप येईल की उभ्याने दाब पडणे हे उशिराचे लक्षण आहे. तेही बरोबर. लवकर हुडकायचे तर उभे राहिल्यावर नाडी वाढते की ढिम्म राहते, खोल श्वासाबरोबर ती हलते की एकसुरी चालते, तळवा ओलसर आहे की कागदासारखा, हे पाहावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तळव्याच्या घामावरून हा आजार टिपणाऱ्या यंत्राची पडताळणी केली आहे. यंत्र तालुक्याला यायला वेळ लागेल. पण उशिराचे लक्षणसुद्धा आपण आज बघत नसू, तर लवकरच्या लक्षणाची वाट पाहणे हा नुसता बहाणा आहे.

राहिला प्रश्न सवडीचा. बाहेर शंभर माणसे बसलेली असताना कोण कुणाला आडवे करणार? २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे, म्हणजे दहा कोटींहून अधिक. कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. इतक्या रुग्णांची तपासणी डॉक्टरच्या सवडीवर सोडताच येणार नाही. ३० वर्षांवरील माणसांची साखर आणि दाब तपासण्याचे काम उपकेंद्रांपर्यंत आज पोचलेलेच आहे. त्यात भर घालायची ती एवढीच: मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला वर्षातून एकदा पाच मिनिटे आडवे करून दाब आणि नाडी घ्यायची, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा, शेजारी धरायला माणूस ठेवून, आणि मोजे-चपला काढून दोन्ही पायांना हाताच्या पाठीने शिवून उष्णता, कोरडेपणा, फुगलेल्या शिरा लिहायच्या. त्याला पट्टा, घड्याळ आणि बाक लागतो. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, तीन मिनिटांची दोन होतील, उभ्याचा आकडा आडव्याच्या रकान्यात पडेल. तरीही पुढच्या वेळी दाबाची गोळी वाढवायची की रात्रीची सकाळी द्यायची, की प्रोस्टेटची बदलायची, हे ठरवताना डॉक्टरांपुढे खुर्चीवरच्या एका आकड्याऐवजी आडव्या-उभ्या आकड्यांची वजाबाकी असेल.